ठशांसाठी शाई निवडताना रंग सर्वांत शेवटी

एका दिवाळीला मी पहिल्यांदा घरी शुभेच्छापत्रं करायला बसले, तेव्हा हाताशी कमळाचा एक सुंदर रबरी ठसा होता. जाड पांढऱ्या कागदावर काळ्या शाईने बारा कमळं उमटवली, रात्रभर वाळू दिली आणि सकाळी जलरंगांनी पाकळ्या भरायला घेतल्या. ओला कुंचला कडेला लागला मात्र, काळी रेघ विरघळून पाकळीत ओघळली. दुसऱ्या पाकळीचं तेच झालं, तिसरीचंही. गुलाबीचा राखाडी चिखल झाला. कागद चांगला होता, ठसा चांगला होता, रंगही चांगले होते. शाईसुद्धा वाईट नव्हती, ती दुसऱ्या कामाची होती.

म्हणून ठसेकामाला नव्याने लागलेल्या प्रत्येकाला मी आधी हेच सांगते की शाईचा रंग सर्वांत शेवटी निवडा. दुकानात उभं राहिलं की डोळे आपोआप रंगांकडे जातात, आणि निळ्यांच्या सहा छटा पाहून हरखून जायला होतं. पण त्याआधी दोन गोष्टी ठरायला हव्यात. ठसा कशावर उमटणार आहे? आणि उमटल्यानंतर त्याच्यावर काय येणार आहे: पाणी, स्पिरिटचे मार्कर, उष्णता, की फक्त हाताचा स्पर्श? या दोन उत्तरांनी निम्म्याहून जास्त पॅड बाद होतात. उरलेल्यांमधून रंग निवडणं मग आनंदाचं काम आहे.

पहिली पायरी: घरातला जांभळा पॅड नीट ओळखा

बहुतेक मराठी घरांत एक स्टॅम्प पॅड असतोच. सोसायटीच्या पावत्यांसाठी, दुकानाच्या बिलांसाठी नाहीतर क्लासच्या फी-कार्डांसाठी आणलेला, पत्र्याच्या डबीतला, जांभळा. नवशिके याच्यावरच सुरुवात करतात आणि सरावापुरतं ते ठीक आहे. ठसा सरळ ठेवायची, एकसारखा दाब द्यायची सवय याच्यावर छान होते.

भेटकार्डासाठी मात्र तो वापरू नका. या पॅडांच्या पारंपरिक जांभळ्या शाईत मिथाइल व्हायोलेटच्या कुळातला रंग असतो. पूर्वी जखमेवर किंवा तोंड आल्यावर लावायचं ते जांभळं औषध, जेन्शियन व्हायोलेट, त्याच कुळातलं. हा रंग सुरुवातीला झगझगीत दिसतो, पण उन्हात आणि उजेडात विटत जातो. पाणी लागलं की पसरतो, सॅनिटायझरचा थेंब पडला तर आणखीच. शिवाय पॅड महिनोन्‌महिने ओला राहावा म्हणून त्यात ग्लिसरीनसारखा न उडणारा, हवेतली ओल धरून ठेवणारा द्रव मिसळलेला असतो. साध्या पावतीच्या कागदात तो मुरून जातो. गुळगुळीत कार्डावर मुरायला जागा नसते, म्हणून ठसा बोटाला लागत राहतो.

या पॅडने लावलेली एक सवय मोडायला मात्र वेळ लागतो. कचेरीत शिक्का पॅडवर आपटून कागदावर आपटायचा असतो. ठसेकामात आपटलं की शाई ठशाच्या खोलगट भागात जाते आणि नक्षीच्या भोवती काळ्या कडा उमटतात. त्याऐवजी ठसा उताणा धरा आणि पॅड त्याच्यावर हलक्या हाताने टेकवत न्या, आपण पोळीला तूप लावतो तसं, सगळीकडे थोडं थोडं. मोठ्या ठशाला तर दुसरा मार्गच नाही.

दुसरी पायरी: कागदावर पाण्याचा एक थेंब

शाळेत शाईचं पेन वापरलेल्यांना "शाई फुटणं" म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. स्वस्त वहीवर अक्षराला बारीक केसाळ पाय फुटायचे. ठशाचंही तसंच होतं. कागद तयार करताना त्याला खळ देतात. खळ कमी असेल तर कागद शाई पितो आणि रेघ फुटते. खळ व्यवस्थित असेल तर रेघ जागच्या जागी थांबते. कागदावर वरून गुळगुळीत थर चढवलेला असेल तर शाई आत शिरतच नाही, वर तरंगते.

हे ओळखायला दुकानदाराला विचारण्यापेक्षा कागदाच्या तुकड्यावर पाण्याचा एक थेंब ठेवा. थेंब लगेच आत गेला आणि ओला डाग पसरला, तर तो टिपकागदाच्या जातीचा कागद. थेंब काही वेळ फुगून बसला आणि मग सावकाश मुरला, तर ठशांसाठी उत्तम. बराच वेळ मोत्यासारखा तसाच राहिला, तर कागदावर लेप किंवा प्लॅस्टिकचा थर आहे.

आपल्याकडे सहज मिळणाऱ्या कागदांपैकी 250 ते 300 जीएसएमचं (एका चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन म्हणजे जीएसएम) गुळगुळीत पण चकाकी नसलेलं कार्ड ही शिकण्यासाठी सर्वांत चांगली जागा. आयव्हरी कार्ड घेताना दोन्ही बाजूंवर थेंब टाकून पाहा, कारण काही कार्डांची एक बाजू लेप दिलेली असते. खाकी क्राफ्ट कागद मला फार आवडतो, त्याच्याकडे पुढे येतेच. हातकागद दिसायला देखणा असतो. पुण्यात शिवाजीनगरच्या हातकागद संस्थेत गेलं की पाकळ्या घातलेले, धागे घातलेले कागद सोडवत नाहीत. पण त्याचा पृष्ठभाग खडबडीत असतो आणि बारीक रेषांचा ठसा त्याच्यावर तुटक उमटतो. हातकागदावर ठसठशीत, भरीव आकारांचे ठसे घ्या, किंवा नक्षी गुळगुळीत कार्डावर उमटवून, कापून हातकागदावर चिकटवा. मी बहुतेक वेळा दुसरं करते.

जलरंगाच्या कागदाचंही असंच. त्याचा दाणेदार प्रकार रंगवायला छान, पण ठशाला त्रासाचा. त्याच कागदाचा गरम दाबून गुळगुळीत केलेला प्रकार मिळतो, तो मागून घ्या.

तिसरी पायरी: शाईंची घराणी

साखर पाण्यात विरघळते आणि दिसेनाशी होते. गेरू पाण्यात कालवला तर पाणी लाल होतं खरं, पण थोडा वेळ ठेवा, गेरू तळाशी बसतो. ठशाच्या शाईंमधला मोठा फरक एवढाच आहे.

डाय शाई साखरेसारखी. रंग द्रवात पूर्ण विरघळलेला असतो, कागदाच्या तंतूंमध्ये शिरतो, म्हणून लवकर वाळतो. हा रंग पारदर्शक असतो, त्यामुळे खालच्या कागदाचा रंग त्याच्यातून दिसतो. पांढऱ्या कागदावर पिवळी डाय शाई लख्ख दिसते, निळ्या कागदावर तीच हिरवट डाग होऊन बसते आणि काळ्या कागदावर दिसतच नाही. रोजच्या कार्डांसाठी, मुलांच्या कामासाठी, झटपट शंभर ठसे मारायचे असतील तेव्हा डाय शाई सोयीची. उजेडात ती पिगमेंटपेक्षा लवकर फिकी पडते, हे मात्र लक्षात ठेवा.

पिगमेंट शाई गेरूसारखी. रंगाचे बारीक कण द्रवात तरंगत असतात आणि ते कागदाच्या वर बसतात. म्हणून रंग दाट, अपारदर्शक, उजेडात टिकाऊ. वाळायला वेळ लागतो, आणि लेप दिलेल्या चकचकीत कागदावर तर ती नुसत्या हवेने वाळतच नाही. वारली चित्र डोळ्यांसमोर आणा: शेणामातीने किंवा गेरूने सारवलेली भिंत आणि तिच्यावर तांदळाच्या पिठाची पांढरी आकृती. पीठ भिंतीत विरघळत नाही, वर बसतं, म्हणून तर ते दिसतं. खाकी क्राफ्ट कागदावर पांढऱ्या पिगमेंट शाईने तारपा नाचाचा ठसा उमटवला की नेमका तोच परिणाम मिळतो. पांढऱ्या पॅडकडून दुधासारख्या शुभ्रतेची अपेक्षा मात्र ठेवू नका. पहिला ठसा जरा राखाडी वाटतो. तो वाळू देऊन अगदी त्याच जागी दुसऱ्यांदा उमटवला की उजळतो, आणि त्यासाठी ठसा बिजागरीने एका जागी धरून ठेवणारं स्टॅम्प प्लॅटफॉर्म नावाचं साधन मिळतं.

नव्या माणसाला सर्वांत उपयोगी पडेल अशी शाई या दोन्हींच्या मध्ये कुठेतरी आहे: लवकर वाळणारी, बारीक रेघ धरणारी, वाळल्यावर पाण्याला दाद न देणारी काळी पिगमेंट. त्सुकिनेको कंपनीची व्हर्साफाइन आणि तिची पुढची आवृत्ती व्हर्साफाइन क्लेअर या वर्गातल्या. रेंजर कंपनीची आर्कायव्हल शाईही वाळल्यावर पाण्याने हलत नाही. माझ्या त्या कमळांना यांतली कुठलीही चालली असती.

डिस्ट्रेस नावाच्या शाईचं कुळ वेगळं. टिम होल्ट्झ या कलाकाराने रेंजरबरोबर काढलेली ही डाय शाई मुद्दाम पाण्याशी खेळण्यासाठी केली आहे. ती इतर डाय शाईंपेक्षा जास्त वेळ ओली राहते, स्पंजाने किंवा ब्रशने कागदावर घोळवता येते, आणि वर पाण्याचे शिंतोडे उडवले की तिथे फिकट ठिपके उमटतात. जुनाट, विटका, संधिप्रकाशासारखा परिणाम हवा असेल तर हिच्यासारखी दुसरी नाही. तिची बहीण डिस्ट्रेस ऑक्साइड डाय आणि पिगमेंट यांचं मिश्रण आहे, म्हणून खाकी कागदावरही दिसते आणि पाणी लागलं की खडूसारखी धूसर होते. या दोन्हींनी नक्षीची बाह्यरेषा काढून वर जलरंग भरू नका. पाण्याने हलणं हा त्यांचा गुणच आहे.

सॉल्व्हंट शाई उडून जाणाऱ्या द्रावकात केलेली असते. काच, पत्रा, पारदर्शक प्लॅस्टिकचा कागद, लॅमिनेट केलेलं कार्ड, म्हणजे जिथे मुरायला जागाच नाही तिथे ही एकटी कामाला येते. स्टेझॉन ही तिच्यातली सर्वांत ओळखीची. वास उग्र असतो, खिडकी उघडी ठेवूनच वापरावी आणि मुलांच्या हाती देऊ नये. कागदावरच्या साध्या कामाला ती लागत नाही. "कायमची टिकते" एवढं ऐकून नवीन लोक पहिला पॅड हाच घेतात, आणि मग ठसे साफ करताना हैराण होतात.

उरली बिनरंगाची चिकट शाई. व्हर्सामार्क हे तिचं प्रसिद्ध नाव. पॅड पाहिला तर रिकामाच वाटतो. रंगीत कागदावर उमटवली की त्याच रंगाची गडद छटा दिसते, जणू कागदातच नक्षी विणली आहे. पण तिचा खरा उपयोग उठावाच्या, म्हणजे फुगीर नक्षीच्या कामात आहे. ते पाचव्या पायरीत येतंच.

चॉक शाईचे पॅडही मिळतात, मऊ, धुरकट रंगांचे. सुंदर असतात, पण सुरुवातीला नसले तरी काही अडत नाही.

चौथी पायरी: नंतर काय भरणार आहात?

हा सगळ्यांत महत्त्वाचा प्रश्न, आणि बहुतेक फजित्या इथेच होतात.

जलरंग, पाण्याचे ब्रश पेन, साधे स्केचपेन: यांच्यासाठी बाह्यरेषेची शाई पाण्याला पक्की हवी. वर सांगितलेली व्हर्साफाइनसारखी पिगमेंट किंवा आर्कायव्हल घ्या, नीट वाळू द्या, शक्य असेल तर हीट गनने, म्हणजे खूप गरम हवा सोडणाऱ्या हातातल्या यंत्राने, थोडी ऊब द्या आणि मगच कुंचला लावा.

अल्कोहोल मार्कर, म्हणजे कॉपिक किंवा त्यासारखे स्पिरिटवर चालणारे: इथे हिशोब नेमका उलटा होतो. जी शाई पाण्याला दाद देत नाही ती स्पिरिटला बऱ्याचदा शरण जाते. व्हर्साफाइन, आर्कायव्हल, स्टेझॉन या सगळ्या मार्करच्या टोकाखाली ओघळू शकतात, आणि मार्करचं फिकट रंगाचं टोक काळं होतं ते वेगळंच. मार्करसाठी मेमेंटोसारखी डाय शाई लागते. तिचा काळा रंग टक्सिडो ब्लॅक नावाने मिळतो आणि त्याची रेघ अल्कोहोल मार्करखाली ओघळत नाही. तीच मेमेंटो जलरंगाखाली मात्र हलते.

म्हणून "चांगली काळी शाई कोणती?" या प्रश्नाला एका शब्दात उत्तर देता येत नाही. तुमच्या टेबलावर जलरंग आहेत की मार्कर, ते आधी सांगा, मग उत्तर मिळेल. दोन्ही असतील तर दोन काळे पॅड घ्या आणि प्रत्येकाच्या झाकणावर ठळक अक्षरांत लिहून ठेवा: "पाणी चालेल", "मार्कर चालेल". माझ्या पॅडांवर अजूनही त्या चिठ्ठ्या आहेत.

रंगीत पेन्सिली वापरणार असाल तर चिंता नाही. शाई पूर्ण वाळली असली की कुठलीही चालते. फक्त हळू वाळणारी पिगमेंट घाईने रंगवायला घेतली तर हाताखाली फासते.

काहींना बाह्यरेषा दिसूच नये असं वाटतं, फुलं हाताने रंगवल्यासारखी दिसावीत. त्यांनी काळी शाई सोडून अगदी फिकट, कागदाच्या रंगाच्या जवळची डाय शाई घ्यावी. डिस्ट्रेसमधला अँटिक लिनन हा रंग यासाठी पुष्कळ जण वापरतात. रेघ फक्त वाट दाखवण्यापुरती दिसते आणि वरचा रंग भरला की त्यात मिसळून जाते. इथे शाईचं हलणं आपल्या फायद्याचं.

पाचवी पायरी: उठावाची अक्षरं

लग्नपत्रिकेवरची चकचकीत, बोटाला जाणवणारी फुगीर अक्षरं सगळ्यांनी पाहिली आहेत. अनेक पत्रिकांवर ती छापखान्यात एका सोप्या युक्तीने होतात. ओल्या छपाईवर राळेची बारीक भुकटी टाकतात, जादा झटकतात आणि तापवतात. भुकटी वितळून शाईवर फुगते. घरच्या टेबलावर आपण तेच करतो, फक्त छपाईच्या जागी ठसा असतो. घरच्या मुंजीच्या निमंत्रणावर गणपती किंवा हळदीकुंकवाच्या कार्डावर कोयरी सोनेरी उठावात आली की पाहणारा कार्ड हातातून खाली ठेवत नाही.

इथे लवकर वाळणारी शाई कामाची नाही, कारण भुकटी चिकटायला ओल लागते. डाय शाई भुकटी टाकेपर्यंत वाळून जाते आणि नक्षी अर्धवट राहते. व्हर्सामार्कसारखी बिनरंगाची चिकट शाई किंवा हळू वाळणारी पिगमेंट घ्या. भुकटी सोनेरी, पांढरी, काळी, म्हणजे अपारदर्शक असेल तर खालच्या शाईचा रंग दिसणारच नाही, म्हणून बिनरंगाचा एकच पॅड सगळ्या भुकट्यांना पुरतो. पारदर्शक भुकटी वापरायची असेल तेव्हाच खाली रंगीत पिगमेंट लागते.

सुरुवात कागद कोरडा करण्यापासून करा. मऊ कापडाच्या पुरचुंडीत टाल्कम पावडर बांधून ती कागदावर फिरवा, म्हणजे नको तिथे भुकटी चिकटत नाही. हिवाळ्यातल्या कोरड्या हवेत कागदावर स्थिर वीज साठते आणि पावसाळ्यात कागदच ओलसर असतो, त्यामुळे पुरचुंडी बाराही महिने हाताशी ठेवा. मग ठसा उमटवा आणि लगेच भुकटी भरभरून ओता. जादा भुकटी घडी घातलेल्या कागदावर झटकून परत बाटलीत भरा, वाया काहीच जात नाही. चुकार कण कोरड्या बारीक कुंचल्याने उडवा. हीट गन आधी बाजूला धरून तापू द्या, नंतर कागदापासून चार बोटं अंतरावर आणा. धूसर भुकटी एका क्षणी पाण्यासारखी चमकते. चमक आली की लगेच पुढे सरका. एकाच जागी रेंगाळलात तर भुकटी कागदात मुरते, उठाव बसतो आणि कागद वाकतो.

केस वाळवायच्या यंत्राने हे होत नाही. त्याची ऊब भुकटी वितळवायला कमी पडते आणि वाऱ्याने सगळी भुकटी उडून जाते.

जलरंगवाल्यांसाठी यात आणखी एक भेट आहे. उठावाची रेघ बांधासारखी उभी राहते आणि पाणी पाकळीतून बाहेर जाऊ देत नाही. पांढऱ्या कागदावर पारदर्शक भुकटीचा उठाव करून वर डिस्ट्रेस शाई घोळवा. रंग उठावावर थांबत नाही. कोरड्या कापडाने पुसलं की बाटिकमध्ये मेण रंग अडवतं तशी पांढरी शुभ्र नक्षी वर येते. मला आजही दर वेळी ते पाहताना आनंद होतो.

सहावी पायरी: ठसा कशाचा आहे?

शाई आणि कागद जुळले तरी ठसा नाराज असू शकतो.

लाल रबराचा ठसा जवळपास सगळ्या शाई सहन करतो आणि बारीक रेघ सुरेख देतो. लाकडी मुठीचा असेल तर धुताना पाण्यात बुडवू नका, डिंक सुटतो.

पारदर्शक पॉलिमरचे ठसे अॅक्रिलिकच्या ठोकळ्यावर चिकटवून वापरतात. कुठे उमटणार ते आरपार दिसतं, म्हणून नव्यांना सोपे. पण नव्या पॉलिमरवर शाईचे मणी होतात, ठसा चट्ट्यापट्ट्यांचा येतो आणि माणूस शाईला दोष देतो. पांढऱ्या खोडरबराने ठशाचा पृष्ठभाग हलकेच घासा, दोनतीनदा शाई लावून पुसा, मग पाहा. काळ्या शाईने पॉलिमर डागळला तरी काळजी नको, त्याने काम बिघडत नाही. सॉल्व्हंट शाई आणि नेलपॉलिश रिमूव्हर मात्र त्याच्यापासून दूर ठेवा.

कपड्यांवर छपाई करायचे सागवानी किंवा शिसवी लाकडाचे ठसे आता कागदकामातही येऊ लागले आहेत. गुजरातमधलं पेथापूर अशा कोरीव ठशांसाठी पिढ्यान्‌पिढ्या ओळखलं जातं. हे ठसे कापडाच्या दाट रंगासाठी कोरलेले असतात. पातळ डाय शाई लाकूड स्वतःच पिऊन टाकतं. त्यांना पिगमेंट पॅड, नाहीतर स्पंजाने थोपटून लावलेला अॅक्रिलिक किंवा पोस्टर रंग द्या. कागदाखाली वर्तमानपत्राच्या चारपाच घड्या ठेवल्या की ठसा पूर्ण उमटतो.

शाळेतल्या ठसेकामात भेंडी आणि बटाटा वापरला नाही असं मूल विरळा. भाजीच्या ठशाला पॅड अजिबात लावू नका, भाजीचं पाणी पॅडमध्ये उतरतं आणि पॅड बिघडतो. पोस्टर रंग ताटलीत घ्या, कापलेली भेंडी फडक्यावर टिपून कोरडी करा आणि मग बुडवा. स्वतः कोरलेला खोडरबर असेल तर डाय आणि पिगमेंट दोन्ही चालतात. तो कागदात गुंडाळून ठेवा, कारण खोडरबर प्लॅस्टिकच्या डबीला किंवा पॉलिमरच्या ठशाला टेकून राहिला की दोघं एकमेकांना चिकटून खराब होतात.

सातवी पायरी: घरची चाचणी

नवा पॅड आणला की मी दहा मिनिटं यासाठीच ठेवते. ज्या कार्डावर काम करायचं आहे त्याच कार्डाच्या पट्टीवर एकच छोटा ठसा चार वेळा उमटवा. पहिल्यावर एका मिनिटाने अंगठा फिरवा. दहा मिनिटांनी दुसऱ्यावर ओला कुंचला फिरवा, तिसऱ्यावर फिकट रंगाचा अल्कोहोल मार्कर. चौथ्यावर काही करू नका, ती पट्टी कापून अर्धी वहीत ठेवा आणि अर्धी खिडकीच्या काचेला चिकटवा. महिन्याभराने दोन्ही तुकडे शेजारी धरले की रंग उन्हात किती टिकतो ते कळतं. पट्टीच्या मागे पॅडचं नाव, कागदाचं नाव आणि तारीख लिहा. अशा वीसपंचवीस पट्ट्या झाल्या की दुकानातला तक्ता पाहायची गरज उरत नाही.

चाचणी आपल्या हवेत करणंही महत्त्वाचं आहे. खोक्यावर लिहिलेली वाळण्याची वेळ जुलैतल्या रत्नागिरीला लागू पडत नाही. दमट हवेत पिगमेंट शाई दुप्पट वेळ ओली राहू शकते, म्हणून गणपतीच्या सुमाराला कार्डं करणार असाल तर एकावर एक रचण्याआधी रात्रभर पंख्याखाली मोकळी पसरा. मे महिन्यातल्या नागपुरात उलट होतं. डाय शाई पॅडवरून ठशावर आणि ठशावरून कागदावर जाईपर्यंतच वाळायला लागते. तेव्हा ठशावर तोंडाने हलकी फुंकर घाला, श्वासाच्या ओलीने शाई पुन्हा जागी होते.

मग पहिल्यांदा काय विकत घ्यावं?

माझं मत स्पष्ट आहे. वीस रंगांचा स्वस्त संच घेऊ नका. त्यातले दोनतीन रंग वापरले जातात, बाकीचे वाळतात, आणि पॅडवर शाईचा प्रकार लिहिलेला नसल्याने चूक कुठे झाली तेही कळत नाही. त्याच पैशांत पाण्याला पक्की अशी एक काळी पिगमेंट घ्या. मार्कर असतील तर एक काळी डाय घ्या, नसतील तर थांबा. बिनरंगाचा चिकट पॅड आणि सोनेरी किंवा पांढरी भुकटी घ्या. रंगांसाठी दोनतीन छोटे डाय पॅड पुरेत: एक हिरवा, एक गुलाबी, एक पिवळा.

पुण्यात अप्पा बळवंत चौकात किंवा रविवार पेठेतल्या बोहरी आळीत, मुंबईत क्रॉफर्ड मार्केटजवळच्या अब्दुल रहमान स्ट्रीटवर पॅड हातात घेऊन पाहता येतात. झाकण उघडून पाहायला मिळालं तर नक्की पाहा. मखमली कापडाचा कडक पॅड बहुधा डाय शाईचा असतो आणि बोटाने दबणारा स्पंजाचा पॅड पिगमेंटचा. पिवळा पॅड मात्र कुणालाही उसना देऊ नका. काळ्या रेघेवर एकदा टेकलेला ठसा पिवळ्याला लागला की तो पॅड कायमचा मातकट होतो. म्हणूनच काम करतानाही फिकट रंगापासून गडद रंगाकडे जावं आणि प्रत्येक रंगानंतर ठसा पुसावा.

फोटोंच्या अल्बमसाठी शाई घेत असाल तर पॅड आणि कागद दोन्ही आम्लमुक्त असल्याचं वेष्टनावर पाहून घ्या, आणि डायऐवजी पिगमेंट निवडा. आजीच्या फोटोशेजारची तारीख नातवंडांनाही वाचता यायला हवी.

पुसणं आणि सांभाळणं

डाय आणि साध्या पिगमेंटला ओलं फडकं पुरतं. फार तर मऊ जुना टूथब्रश आणि साबणाचा थेंब. आर्कायव्हल आणि सॉल्व्हंट शाईला त्यांचं ठरलेलं क्लीनर लागतं, ते पॅडबरोबरच घ्या. शाई ठशावर वाळण्याआधी पुसली तर अर्धं कष्ट वाचतं. ठसे उन्हात ठेवू नका, रबर तडकतं आणि पॉलिमर पिवळं पडतं.

डाय पॅड उलटे ठेवले की शाई वरच्या थराकडे राहते आणि पहिला ठसाही भरीव येतो. स्पंजाचे पिगमेंट पॅड सरळच ठेवा. पॅड सुकत चालला तर त्यात पाणी घालू नका. त्याच कंपनीची, त्याच रंगाची री-इंकरची छोटी बाटली मिळते. तिचे आठदहा थेंब पॅडवर ओळीत टाका, चमच्याच्या पाठीने पसरवा, झाकण लावून रात्रभर ठेवा. सकाळी पहिला ठसा रद्दी कागदावर घ्या, कारण वरची जादा शाई आधी तोच उचलतो. कार्ड दुसऱ्या ठशापासून.